इयत्ता पुढें, वाचन मागें

शाळेच्या हजेरीपटावर मुलाचें नांव पांचव्या इयत्तेंत असतें. पण त्याच मुलाच्या हातीं दुसरीचें पुस्तक दिलें, तर कित्येकदां तें खालीं मान घालून उभें राहतें. पट एक सांगतो, मूल दुसरें सांगतें. यांपैकीं कोणावर विश्वास ठेवावयाचा, हा प्राथमिक शिक्षणांतील मूळचा प्रश्न होय.

‘असर’ या नांवानें २००५ सालीं भारताच्या खेड्यापाड्यांतून जी पाहणी सुरू झाली, तिनें मुलावर विश्वास ठेवला. पाहणी करणारा घरीं जातो आणि मुलापुढें एक साधा कागद ठेवतो. त्यावर कांहीं अक्षरें, कांहीं सोपे शब्द, एक लहानसा उतारा आणि दुसरीच्या तोडीची एक गोष्ट, एवढेंच असतें. २०१८ सालीं पांचवींतील मुलांपैकीं शेंकडा ५०.५ मुलांना ती गोष्ट वाचतां आली. शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ सालीं, शेंकडा ४२.८ मुलांना.

दोष मुलांच्या बुद्धीचा, कीं शिकविण्याच्या रीतीचा? याचें उत्तर तर्कानें नव्हे, तर प्रयोगानें शोधण्याचा यत्न मुंबई व बडोदें येथें झाला. १९९५ सालीं मुंबईंत स्थापन झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेनें वस्तींतल्याच तरुण मुलींना ‘बालसखी’ म्हणून नेमलें. तिसरी-चौथींतील मागें पडलेलीं पंधरा-वीस मुलें रोज दोन तास त्यांच्याजवळ बसूं लागलीं. बालसखी कोठें द्यावयाची, हें जणूं चिठ्ठ्या टाकून ठरविलें. कारण निवडक शाळा घेतल्या असत्या, तर यश रीतीचें कीं शाळेचें, हें उमगलें नसतें. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. बालसखीकडे गेलेलीं मुलें चांगलीं पुढें आलीं. वर्गांत राहिलेल्यांना मात्र, गर्दी कमी होऊनही, फारसा लाभ झाला नाहीं. वर्षभरानें मिळविलेल्यापैकीं बरेंचसें ओसरलें, हेंही त्यांनीं प्रांजळपणें नमूद केलें.

मग हेंच काम नेहमींच्या शिक्षकांना साधेल काय? केवळ साहित्य वांटून व प्रशिक्षण देऊन तें साधत नाहीं, असा बिहार व उत्तराखंड येथील अनुभव आहे. २०१२-१३ सालीं हरियाणांत मात्र सरकारी शाळांतून रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून मुलांना वाचनाच्या पायरीप्रमाणें बसविलें. देखरेख करणारेही त्याच रीतींत तयार झालेले होते. तेथें वाचन सुधारलें. शिक्षक तेच, मुलेंही तींच. बदलला तो त्या एका तासाचा हेतु.

शिक्षकाची अडचण खोटी नाहीं. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यानें नेमल्या मुदतींत सगळा अभ्यासक्रम पुरा करण्याचें कर्तव्य त्याच्यावर घातलें, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची पात्रता पाहून जादा शिकवणी देण्याचेंही. पहिल्या कर्तव्याचा हिशेब पानांनीं देतां येतो, म्हणून दुसरें मागें पडतें. ज्याला अक्षरच लागत नाहीं, त्याच्यापुढें इतिहास-भूगोलाचीं पानें उलटलीं काय नि न उलटलीं काय!

ज्या घरीं शाळेंत जाणारें मूल असेल, तेथें आज सायंकाळीं त्याचे गुण विचारूं नयेत. एक लहानशी गोष्ट त्याच्यापुढें ठेवावी, आणि जेथें तें अडखळेल तेथूनच शिकवणीस आरंभ करावा.