इमारत उभी राहण्यापूर्वीं

शेजारच्या मोकळ्या जागेभोंवतीं एके दिवशीं पत्रे ठोकले जातात, त्यांवर रंगीत चित्राचा मोठा फलक चढतो, आणि येथें सात मजल्यांची इमारत होणार असें आपणांस कळतें. मग जिन्यांत, कट्ट्यावर, भाजीची पिशवी हातांत धरून चर्चा सुरू होते. आमच्या खिडकीचा उजेड जाईल. रस्ता अरुंद आहे. पाणी आधींच पुरत नाहीं. यांना परवानगी दिली तरी कोणीं? या तक्रारींत पुष्कळदां तथ्य असतें. परंतु चर्चेला आरंभ होतो तोंच परवानगीचा कागद मालकाच्या हातीं पडलेला असतो. सोलापूरसारख्या शहरांत मोठी निवासी इमारत येऊं घातली असतां तिची छाननी कोण करतो, केव्हां करतो आणि त्या छाननींत शेजाऱ्याला कोठें जागा आहे, याविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें.

महाराष्ट्रांत हा कारभार १९६६ सालच्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमान्वयें चालतो. मालकानें वास्तुविशारदाकडून नकाशे करवून घ्यावयाचे, ते महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागाकडे सादर करावयाचे, आणि तेथें ते नियमांशीं ताडून पाहिले जावयाचे, असा हा क्रम आहे. इमारतीभोंवतीं सामासिक अंतर किती सोडलें, चटई क्षेत्र किती वापरलें, उंची किती, वाहनें कोठें उभीं राहणार, आगीच्या वेळीं बंब आंत शिरूं शकेल कीं नाहीं, एवढें पाहिलें जातें. डिसेंबर २०२० पासून मुंबई व आणखी थोडीं क्षेत्रें वगळून साऱ्या राज्याला यासाठीं एकच नियमावली लागू झाली आहे. अर्जाचें उत्तर साठ दिवसांत न मिळाल्यास, नकाशे नियमांना धरून असतील तर, परवानगी मिळाली असें समजण्याचीहि तरतूद आहे.

या प्रवासांत शेजाऱ्याला एक ओळ लिहून कळविण्याचें बंधन कोणावरहि नाहीं. इंग्लंडांत असा अर्ज आला म्हणजे लगतच्या घरांना पत्र जातें किंवा जागेवर नोटीस लागते आणि लोकांना आपलें म्हणणें मांडण्यास कांहीं दिवस मिळतात. आपल्याकडे अर्ज ही मालक आणि कचेरी यांच्यामधील बाब मानली गेली आहे. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामास पर्यावरणविषयक मंजुरी लागते हें खरें. पण २००६ सालच्या ज्या अधिसूचनेनें ही मंजुरी घालून दिली, तिनेंच इमारतींच्या प्रकल्पांना जनसुनावणींतून वगळलें. कारखान्यासाठीं गांवकऱ्यांचें म्हणणें ऐकावयाचें आणि दोन हजार माणसांच्या वसाहतीसाठीं ऐकावयाचें नाहीं, यामागील तर्क मला तरी पटलेला नाहीं.

मग नागरिकाला कायद्यानें तोंडच दिलें नाहीं काय? दिलें आहे, पण तें साधारणपणें वीस वर्षांतून एकदां उघडावयाचें असतें. शहराची विकास योजना जेव्हां तयार होते, तेव्हां तिचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविल्या जातात. त्यांवर सुनावणी घेण्यासाठीं स्थायी समितीचे तीन सभासद आणि नगररचनेचे जास्तींत जास्त चार जाणकार यांची समिती बसते. कोणती जमीन राहण्यासाठीं, कोणता तुकडा शाळेसाठीं अगर बागेसाठीं राखीव, कोणता रस्ता नऊ मीटरचा अन् कोणता अठरा मीटरचा, हें सारें तेथें ठरतें. आणि रस्त्याच्या रुंदीवर चटई क्षेत्र अवलंबून असल्यामुळें, आपल्या शेजारीं तीन मजले उठणार कीं दहा, याचा पाया त्याच दिवशीं घातला जातो. पत्रे ठोकले जातात ते त्यानंतर कित्येक वर्षांनीं.

मंजूर झालेल्या योजनेंतहि पुढें फेरबदल होऊं शकतो. अधिनियमाच्या कलम ३७ खालीं तशी सूचना प्रसिद्ध करून पुन्हां हरकती मागवाव्या लागतात. क्रीडांगणाचें आरक्षण उठवून जमीन निवासी करावयाची असली, तर त्याची वर्दी मिळते ती वर्तमानपत्रांतील बारीक टाइपाच्या नोटिशींत. आपण पहिलें पान वाचतों, अग्रलेख वाचतों, विवाहविषयक जाहिरातीसुद्धां वाचतों. ही नोटीस मात्र जिला आपल्या जमिनीचा भाव वाढावयाचा आहे ती मंडळीच काय ती वाचतात.

हरकती घेऊन काय होतें, असें पुष्कळांना वाटतें. मुंबईचें उदाहरण ताजें आहे. त्या शहराच्या २०३४ पर्यंतच्या विकास योजनेचा मसुदा २०१५ च्या आरंभीं प्रसिद्ध झाला. नागरिकांच्या मंडळांनीं आपापल्या विभागाचे नकाशे पसरून प्रत्यक्ष रस्त्यांवर जाऊन ताडून पाहिले, तों चुकांमागून चुका निघूं लागल्या. उभ्या इमारतींतून रस्ते आंखलेले, जुन्या वास्तूंची नोंदच नाहीं, असे प्रकार सांपडले. एप्रिल २०१५ मध्यें सरकारला तो मसुदा बाजूला ठेवावा लागला, २०१६ मध्यें दुसरा प्रसिद्ध झाला, आणि २०१८ सालीं त्यास मंजुरी मिळाली. पुण्यांत २०१३ सालीं सुमारें ८७ हजार हरकती व सूचना आल्या. तेव्हां लोक हरकती घेत नाहींत असें नाहीं. मात्र त्यासाठीं कोणीतरी नकाशा हातांत घेऊन उन्हांत हिंडावें लागतें.

आतां आपल्या सोलापुराकडे वळूं. १९९२ सालीं भोंवतालचीं गांवें पालिकेच्या हद्दींत आलीं आणि ३३ चौरस किलोमीटरांचें शहर एकदम पावणेदोनशेंच्या वर गेलें. त्या भागाला आपण अजून हद्दवाढ भागच म्हणतों. जमीन एका सरकारी आदेशानें शहरांत आली, पण नळ, गटार आणि रस्ता आदेशानें येत नाहींत. उजनीचें पाणी शंभराहून अधिक किलोमीटर वाहून आणावें लागतें. आणि वर्षानुवर्षें सोलापूरकरांच्या नळाला तें रोज आलेलें नाहीं, कांहीं दिवसांआड आलेलें आहे. म्हणून नव्या इमारतीविषयीं बोलतांना आमच्या गांवीं उंचीच्याहि आधीं एक प्रश्न विचारला पाहिजे : हौद केवढा?

हा हिशेब घरबसल्या करतां येतो. मलनिःसारणाची व्यवस्था असलेल्या शहरांत दर माणशीं दररोज १३५ लिटर पाणी हें सर्वमान्य सरकारी प्रमाण आहे. चाळीस बिऱ्हाडांची इमारत आणि बिऱ्हाडीं पांच माणसें धरलीं, तर दोनशें माणसांना दररोज २७ हजार लिटर लागेल. पाणी चार दिवसांनीं एकदां येत असेल तर १ लाख ८ हजार लिटरांचा सांठा हवा. म्हणजे नऊ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि दोन मीटर खोल असा हौद. नकाशांत तो तेवढा दिसत नसेल, तर बाकीचें पाणी टँकरनें येणार हें उघड आहे. दहा हजार लिटरांचे जवळजवळ अकरा टँकर होतात. ते ज्या बोळांतून जावयाचे, त्या बोळांत तुमची सायकल, मुलांची रिक्षा आणि शेजारच्या आजी असतात. शेजाऱ्यानें हरकत घ्यावयाची ती या आंकड्यावर घ्यावी. “आमची हवा जाईल” या वाक्यापेक्षां हौदाची मापें कचेरींत अधिक ऐकलीं जातात.

येथें एक गोष्ट स्पष्ट करतों. नव्या इमारती येऊंच नयेत असें माझें म्हणणें नाहीं. घर असलेल्या माणसाला शेजारीं दुसरें घर नको असतें, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे, आणि हरकतीच्या नांवाखालीं तिला पुष्कळदां वाट मिळते. ज्याला अद्याप घर नाहीं तो सुनावणीला येत नाहीं. त्याला ती आहे हेंच ठाऊक नसतें. म्हणून छाननी करावयाची ती पुढें तेथें राहावयास येणाराच्या बाजूनेंहि केली पाहिजे.

तशी ती न झाल्यास काय होतें, हें मुंबईच्या बी. डी. डी. चाळींनीं शंभर वर्षांपूर्वीं दाखविलें. १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला गेला. प्रत्यक्षांत २०७ चाळी आणि सुमारें सोळा हजार खोल्या झाल्या. हेतु चांगला, बांधणी भक्कम. पण कामगाराला काय हवें तें विचारण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. वरळीच्या खोल्या गिरणीपासून लांब आणि भाडें न झेपणारें. त्यांतील पुष्कळशा वर्षानुवर्षें रिकाम्या राहिल्या. १९३० च्या सत्याग्रहांत सरकारला त्यांतील कांहींचा तुरुंगासारखा उपयोग सांपडला.

याच्या उलट चित्र आपल्या गांवाशेजारीं आहे. अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथें विडी कामगार स्त्रियांसाठीं दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली. २००६ सालीं तिच्या किल्ल्या कामगारांच्या हातीं आल्या. त्याच परिसरांत पुढें असंघटित कामगारांसाठीं तीस हजार घरांचें रे नगर योजण्यांत आलें. २०१९ च्या जानेवारींत पायाभरणी झाली, आणि १९ जानेवारी २०२४ रोजीं पंतप्रधानांच्या हस्तें पहिलीं पंधरा हजार घरें दिलीं गेलीं. माजी आमदार नरसय्या आडम यांनीं हीं कामें दीर्घकाळ लावून धरलीं. त्यांचें राजकारण कोणाला रुचो वा न रुचो. घर मागणारा आणि घरांत राहणारा येथें एकच होता, ही गोष्ट नगररचनेच्या विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

पण म्हणून कुंभारीला प्रश्न विचारावयाचे नाहींत असें नव्हे. विडी वळणाऱ्या बाईचा दिवस कारखान्याच्या शाखेपासून सुरू होतो. तेथून पानें आणि तंबाखू आणावयाची, घरीं बसून विड्या वळावयाच्या, आणि त्या परत शाखेंत नेऊन मोजून द्यावयाच्या. तिच्या दृष्टीनें घराचें क्षेत्रफळ तीनशें चौरस फूट आहे कीं साडेतीनशें, यापेक्षां शाखा किती दूर आणि बस किती वाजतां, हें महत्त्वाचें आहे. तिचा नवरा पूर्व भागांत यंत्रमागावर रात्रपाळीला असेल तर तो पहाटे कसा परतणार? शिवाय तीस हजार घरें म्हणजे, पूर्वींच्याच हिशेबानें, दीड लाख माणसें आणि दररोज दोन कोटी लिटर पाणी. कुंभारी ही ग्रामपंचायत, आणि ग्रामीण पाणीपुरवठ्याचें हल्लींचें प्रमाण माणशीं ५५ लिटर आहे. कागदावर खेडें आणि डोक्यांच्या मोजणीनें शहर, अशा ठिकाणीं कोणतें प्रमाण धरावयाचें? वसाहतीचा नकाशा पाहतांना असे प्रश्न विचारणाराला विघ्नसंतोषी म्हणूं नये. पुढें नळाला पाणी येतें कीं नाहीं, हें त्याच्याच प्रश्नावर ठरतें.

वेळेवर न झालेल्या छाननीची किंमत किती पडते, हें होटगी रस्त्यावर सर्वांनीं पाहिलें आहे. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची सुमारें नव्वद मीटर उंचीची चिमणी विमानांच्या मार्गांत येते, हा वाद ती उभी राहिल्यावर वर्षानुवर्षें चालला. मोर्चे झाले, उपोषणें झालीं, न्यायालयें झालीं. आणि शेवटीं १५ जून २०२३ रोजीं ती स्फोटकांनीं पाडण्यांत आली. विमानतळ महत्त्वाचा कीं ऊंस उत्पादक, या वादांत मी आज शिरत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं उंचीचा प्रश्न वीट रचण्यापूर्वीं कागदावर सुटला असता, तर तो पुष्कळ स्वस्तांत सुटला असता.

शेवटीं कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. पांचशें चौरस मीटरांहून मोठ्या जागेवरील आणि आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची नोंदणी विक्रीपूर्वीं महारेराकडे करावी लागते, आणि मंजूर नकाशे त्यांच्या संकेतस्थळावर कोणासहि पाहतां येतात. लहान इमारतीचे नकाशे माहितीच्या अधिकाराखालीं मागतां येतात. अर्जाचें शुल्क दहा रुपये. विकास योजनेचा मसुदा किंवा फेरबदलाची नोटीस प्रसिद्ध झाली म्हणजे आपल्या घराचा सर्व्हे नंबर अगर सिटी सर्व्हे नंबर शोधून आसपासचा भाग नकाशावर पाहावा. हरकत एका पानाची असावी. तींत जागेचा क्रमांक, योजनेंतील प्रस्तावाचा क्रमांक, आणि नेमकें काय बदलावें हें लिहावें. रस्ता अरुंद आहे असें न लिहितां तो फीत लावून मोजावा आणि मीटर लिहावेत. शेजारच्या दहा घरांनीं एकाच मजकुरावर सह्या करण्यापेक्षां दहा निरनिराळे अर्ज द्यावे. नोटिशींत दिलेल्या मुदतीच्या आंत अर्ज समक्ष नेऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा, आणि “मला सुनावणी हवी आहे” हें वाक्य त्यांत विसरूं नये. सुनावणीची तारीख कळविली जाते. त्या दिवशीं ती शिक्क्याची प्रत बरोबर न्यावी.