गाडी घ्यायची की भाड्यानं लावायची?

इंदापूर तालुक्यातल्या एका बचत गटाचं काम मी बघते. आम्ही अकराजणी पापड, कुरडया, मसाले करतो. पण आज पापडाबद्दल नाही, पापड ज्या गाडीतून जातात तिच्याबद्दल बोलायचंय.

पुण्याच्या भीमथडी जत्रेत आम्हाला स्टॉल मिळाला होता. रात्रीच माल बांधून दारात ठेवला. पहाटे चारला येतो म्हणालेला टेम्पो आलाच नाही. त्याला जास्त पैशाचं भाडं मिळालं. आठ वाजता दुसरी गाडी मिळाली, तिनं दीडपट पैसे घेतले. पहिल्या दिवशीची सकाळची गर्दी हुकली ती हुकलीच.

परत आल्यावर बैठकीत सगळ्यांचं एकच म्हणणं, आपला स्वतःचा छोटा हत्ती घेऊ. गटाची शिल्लक पहिल्या भरण्यापुरती होती, बाकीचं कर्ज. तेवढ्यात एक काकू म्हणाल्या, "माझे पैसे लेकीच्या लग्नाचे आहेत. लग्नाला लागले तर गाडीचं चाक काढून देणार का मला?" सगळ्या हसल्या, पण नंतर कुणी बोलेना.

मग वही काढली. समजा हप्ता १५ हजार, ड्रायव्हरचा पगार १५ हजार, विमा, कर, दुरुस्ती मिळून महिन्याला ६ हजार. म्हणजे गाडी दारात नुसती उभी राहिली तरी ३६ हजार. इंदापूर ते पुणे जाऊन-येऊन साधारण २८० किलोमीटर. डिझेल, टोल, टायरची झीज धरून एका खेपेला अडीच हजार. भाड्याची गाडी साडेसहा हजार घेते. म्हणजे एका खेपेमागं वाचणार चार हजार. ३६ हजार भरून निघायला महिन्याला नऊ खेपा हव्यात!

आमच्या खेपा किती? वर्षाच्या पावत्या मोजल्या तर ३२. महिन्याला तीनसुद्धा नाहीत. त्याही दिवाळीत, जत्रेत आणि उन्हाळ्यात. श्रावणात गाडीवर कोंबड्या बसल्या असत्या.

आणि गाडी कुणाच्या नावावर? हप्ता थकला तर बँक आधी तिच्याच दारात येणार, हे बैठकीत कुणी उघड बोललं नव्हतं. कागदपत्रंही सांभाळावी लागतात. मालासकट ३ हजार किलोपर्यंतच्या गाडीला परमिट लागत नाही, पण फिटनेस चुकत नाही. पहिली आठ वर्षं दोन वर्षांतून एकदा, नंतर दरवर्षी. शिवाय गाडीचा विमा असला म्हणजे आतल्या मालाचा असतोच असं नाही. पावसात मसाला भिजला तर नुकसान आपलंच.

आता सगळ्यांचा हिशोब असाच येईल असं नाही. भिगवणला उजनीची मासळी सकाळी बर्फात घालून निघाली पाहिजे, तिथं रोजची खेप आहे आणि उशीर म्हणजे माल गेलाच. दोन्ही वेळचं दूध गोळा करणाऱ्या बाईचंही तेच. अशा घरी गाडी स्वतःची असलेली बरी. येताना पेंड नाहीतर किराणा भरून आणला तर आणखी बरं. रिकामी परत येणारी गाडीही डिझेल पितेच.

आम्ही गाडी घेतली नाही. गावातल्याच एका टेम्पोवाल्या दादांशी वर्षाचं बोलणं केलं, साध्या कागदावर सह्या घेतल्या. वर्षाच्या सगळ्या खेपा त्यांनाच, जत्रेच्या तारखा आधी कळवायच्या, थोडे पैसे आगाऊ द्यायचे. ते येऊ शकले नाहीत तर दुसरी गाडी त्यांनीच पाठवायची, वरचा फरक त्यांच्या खिशातून. दादा जरा कुरकुरले, पण बत्तीस खेपा एकगठ्ठा कोण देतं? छोटे बोजे आम्ही एसटीच्या पार्सलनं पाठवतो.

काकूंच्या लेकीचं लग्न वैशाखात झालं. वऱ्हाडाचं सामान त्याच टेम्पोतून गेलं. ती खेप मात्र गटाच्या वहीत धरलेली नाही.