'प्रकटीकरण' ह्या शब्दाविषयीं
(ज्युबिलीनिमित्त दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदाच्या दिवशीं पवित्र शास्त्रांतील अखेरच्या पुस्तकाचा विषय आम्हीं कां काढावा, असें कोणाच्या मनांत येणें साहजिक आहे. त्या पुस्तकाची भीति घरोघरीं आहे. सन २०२० मध्यें महामारीनें देवळांचीं दारें बंद झालीं, तेव्हां 'प्रकटीकरणांत लिहिलें तें आतां घडणार' असें अनेकांच्या तोंडून आम्हीं ऐकिलें. एका वृद्ध मावशींनीं तर तें पुस्तक उघडणेंच सोडून दिलें. म्हणाल्या, वाचलें कीं झोंप येत नाहीं. त्यांचें समाधान आम्हांस त्या वेळीं नीट करितां आलें नाहीं. तें राहिलेलें काम आज करूं पाहतों, आणि त्यासाठीं पुस्तकांत शिरण्यापूर्वीं त्याच्या दारावरचा शब्दच तपासून पाहतों.

मूळ ग्रीक ग्रंथाचा पहिलाच शब्द 'अपोकालिप्सिस' हा आहे. 'अपो' म्हणजे दूर, आणि 'कालिप्टेइन' म्हणजे झांकणें. दोन्ही मिळून अर्थ झाला, झांकण दूर करणें. त्यांत आग नाहीं, भूकंप नाहीं, जगाचा अंतहि नाहीं. इंग्रजींत ह्या शब्दास महाविनाशाचा अर्थ चिकटला तो मागाहून, ग्रंथांत वर्णिलेल्या संकटांवरून. विनाशासाठीं आपल्या भाषेंत 'प्रलय' हा निराळा शब्द आहेच; त्याचा धातु 'ली', म्हणजे विरून जाणें. झांकण काढणें कोठें आणि विरून जाणें कोठें!

हा ग्रीक शब्द जन्मानें घरगुती आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या व दुसऱ्या शतकांत यहुदी पंडितांनीं आपलें शास्त्र ग्रीक भाषेंत उतरविण्याचें कार्य केलें. त्यांत नामी आपल्या सुनेला, रूथला, खळ्यावर निजलेल्या बवाजाच्या पायांवरचें पांघरूण बाजूला सारावयास सांगते, तेथें ह्याच शब्दाचें क्रियापद आलें आहे. आणखी एक गंमत सांगतों. आपण ज्याला निलगिरी म्हणतों, त्या झाडास 'युकॅलिप्टस' हें नांव फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिये ह्यांनीं सन १७८८ मध्यें दिलें. अर्थ, 'चांगलें झांकलेलें'. त्याच्या कळीवर टोपीसारखें झांकण असतें, तें गळून पडलें म्हणजे फूल दिसूं लागतें. सर्दीला ज्याचें तेल आपण हुंगतों, त्याच्या नांवांत संत योहानाच्या ग्रंथनामाचा अर्धा भाग दडलेला आहे!

लॅटिन भाषेंत ह्याचा प्रतिशब्द 'रेव्हेलातियो' असा झाला. 'वेलुम्' म्हणजे पडदा. तो मागें सारणें. उत्तम शुक्रवारीं धर्मगुरु वस्त्रानें झांकलेला क्रूस तीन वेळां थोडथोडा उघडा करितात, तें ज्यानें पाहिलें आहे त्याला ह्या शब्दाची व्याख्या निराळी सांगावयास नको.

मराठींत 'अनावरण' हा शब्द ग्रीक शब्दाशीं अवयवशः जुळतो. पण तो आतां पुतळे व कोनशिला ह्यांच्या वांट्यास गेला आहे. 'साक्षात्कार' शब्द थोर खरा, परंतु त्यांत पाहणाऱ्या साधकाकडे लक्ष अधिक जातें. 'प्रकटीकरण' ह्या शब्दांत 'करण' आहे, म्हणून करणारा कोण हा प्रश्न लगेच उठतो. आम्हांस हाच शब्द योग्य वाटतो. माणसानें चोरून पडद्याआड डोकावणें हें प्रकटीकरण नव्हे. पडद्यामागें जो आहे त्यानेंच आपण होऊन पडदा सारणें, हें प्रकटीकरण. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १८ नोव्हेंबर १९६५ रोजीं ह्या विषयावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. परमेश्वर केवळ गुप्त वार्ता कळवीत नाहीं, तो स्वतःलाच प्रकट करितो, हें त्यांत स्पष्ट केलें आहे. तारखांचीं गणितें मांडून जगबुडीचा दिवस काढणाऱ्यांनीं तो अवश्य वाचावा.

हा शब्द भीतीचा नव्हे ह्यास एक साक्षीदार देतों. मंदिरांत बाळ येशूला हातांवर घेऊन वृद्ध शिमोनानें परराष्ट्रीयांसाठीं प्रकाशाविषयीं जे उद्गार काढिले, त्यांतहि लूकानें 'अपोकालिप्सिस' हाच शब्द योजिला आहे. चाळीस दिवसांचें तान्हें बालक आणि हा शब्द!

मग योहानाच्या ग्रंथांत संकटें इतकीं कां? तो पात्मोस बेटावर होता, तो परमेश्वराच्या वचनामुळें. इरेनेयुसाच्या मतें तो काळ सम्राट डोमिशियनाच्या कारकीर्दीच्या शेवटचा, म्हणजे सन ९६ च्या सुमाराचा. ज्या सात मंडळ्यांना त्यानें लिहिलें, त्या आशिया प्रांतांतल्या, आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागांतल्या. त्यांच्यापैकीं कित्येकांवर संकट आलेलेंच होतें. योहानानें तें नव्यानें आणिलें नाहीं. संकटावरचें झांकण उचलून त्याच्या पलीकडे सिंहासनावर कोण बसला आहे, तें त्यानें दाखविलें.

पांचव्या अध्यायांत सात शिक्क्यांनीं बंद केलेली एक गुंडाळी आहे. ती उघडण्यास योग्य असा स्वर्गांत वा पृथ्वीवर कोणी सांपडत नाहीं, तेव्हां योहान फार रडतो. घोडेस्वार अजून निघालेले नाहींत. शिक्के अजून फुटलेले नाहींत. तो रडतो तें कांहीं भयंकर दिसलें म्हणून नव्हे; गुंडाळी बंदच राहील म्हणून रडतो. मग वडिलांपैकीं एक जण त्याला रडूं नको म्हणून सांगतो, आणि योहान मान वर करून पाहतो, तों वधलेला कोंकरा उभा.

त्या मावशींना आम्ही आतां पहिला अध्याय देणार नाहीं. पांचवा देऊं, आणि तो त्यांच्याजवळ बसून वाचूं.