हेतू आणि नजर



अलिप्त निवेदकाचा हेतू हा आपल्या चर्चासत्राचा विषय. त्याची चर्चा आल्बेर काम्यू यांच्या १९४२ सालच्या ‘द आउटसायडर’ला टाळून होणार नाही.

अल्जिअर्सजवळच्या किनाऱ्यावर या कादंबरीचा निवेदक मर्सो एका अरबाला गोळी घालतो, थांबतो, आणि निपचित देहावर आणखी चार गोळ्या झाडतो. मध्ये का थांबलास, याला त्याच्यापाशी उत्तर नाही. न्यायालय ती रिकामी जागा आईच्या अंत्यविधीने भरते: हा रडला नाही, शवपेटीपाशी कॉफी प्यायला, दुसऱ्या दिवशी विनोदी सिनेमाला गेला, म्हणजे मुळातच खुनी. या तर्काला आपण नावे ठेवतो आणि तीच जागा जीवनाच्या निरर्थकतेच्या तत्त्वज्ञानाने भरून मोकळे होतो. मला दोन्हीकडे सारखीच घाई दिसते.

यावर कोणी म्हणेल, मर्सो खोटे बोलायला नकार देतो, हाच त्याचा हेतू. १९५५ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत काम्यूंनीही तसेच सुचवले आहे. पण मग त्याचा शेजारी रेमंड याचे काय? त्याच्या मैत्रिणीला जाळ्यात ओढणारे पत्र मर्सोच लिहून देतो आणि पुढे पोलिसांसमोर रेमंडच्याच बाजूने साक्षही देतो. लेखकाची प्रस्तावना मोलाची असली, तरी कादंबरीतला पुरावा तिच्याहून वरचढ मानावा लागतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हेतूच ठरवायचा नसेल, तर निवेदकाचा न्याय करायचा कसा? माझे उत्तर असे, की त्याची नजर कुठे रेंगाळते आणि कुठून निसटते, ते पाहावे. ऊन, घाम, समुद्र, त्याची मैत्रीण मारी हिचा पट्ट्यांचा पोशाख हे सारे त्याला दिसते; मेलेल्या माणसाचे नाव मात्र पुस्तकभर कुठेही येत नाही. म्हणजे ही अलिप्तता सर्वांना सारखी लागू नाही, वसाहतीतल्या सत्तेची वाटणी तिच्यात उतरली आहे. कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने २०१३ मध्ये त्या मृताला मूसा हे नाव देऊन कादंबरी लिहिली, ती याच जागेवर बोट ठेवून.

मराठीतही ही कसोटी लावून पाहण्याजोगी आहे. ‘कोसला’चा (१९६३) पांडुरंग सांगवीकर तिऱ्हाईतासारखा बोलतो, पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी त्याचा तो सूर मोडून पडतो. आपले अलिप्त निवेदक कोणापाशी मोडतात आणि कोणाला न पाहता पुढे जातात, याचा शोध इथल्या निबंधांतून घेतला जावा, अशी विनंती करतो आणि अध्यक्षांना पुढील सूत्रे हाती घेण्यास आमंत्रित करतो.