तांडेल म्हणेल ती वेळ

मालवणला जाऊन अर्धा दिवस समुद्रात काढायचा असं घरात ठरलं, की पहिली चौकशी होते खोलीची आणि दुसरी होडीच्या भाड्याची. माझं म्हणणं, ही दोन्ही कामं नंतर करा. आधी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघा.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण घड्याळाकडे न बघता एवढं सांगणारं दुसरं गणित मला तरी ठाऊक नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं. पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं, तळाची रेती ढवळली जाते आणि तुम्ही मास्क लावून खाली बघितलंत तर पातळ ताकात बघितल्यासारखं दिसतं. अष्टमी-नवमीला भांग असतो, म्हणजे चढ-उतार सर्वांत कमी. तेव्हा पाणी निवळतं. मुंबईत उधाणाच्या दिवशी समुद्र पाच मीटरच्या आसपास चढतो-उतरतो, तर मालवणात साधारण दोन-अडीच मीटर. इथल्या पाण्यात पोहायला आणि तळ बघायला जमतं, त्याला हेही एक कारण आहे.

मला विचाराल तर दशमी ते द्वादशी हे दिवस उत्तम. भांग नुकताच सरलेला, उधाणाला अजून अवकाश, आणि भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान. भरतीचं पाणी बाहेरून, खोल समुद्रातून येतं म्हणून स्वच्छ. ओहोटीचं पाणी खाडीतला गाळ घेऊन बाहेर पडतं. एकादशीला ज्यांच्याकडे मासे चालत नाहीत त्यांनी दशमी किंवा द्वादशी धरावी, कारण पुढे जेवणाचा विषय यायचा आहे.

तिथीनंतर वारा. थंडीत नि उन्हाळ्याच्या सुरुवातीला कोकणात पहाटेपासून मतलई वारे असतात, जमिनीवरून समुद्राकडे जाणारे. ते मंद असतात, किनाऱ्याजवळ लाट उठू देत नाहीत. ऊन चढलं, जमीन तापली, की बाराच्या सुमाराला वारं फिरतं आणि खारे वारे सुटतात. दुपारी दोनला तोच समुद्र ओळखू येत नाही. म्हणजे ही सहल अर्ध्याच दिवसाची असते ती कुणाच्या धंद्याच्या सोयीसाठी नव्हे. समुद्रच पर्यटकांना अर्धा दिवस देतो, आणि तोही सकाळचा. सातला जेट्टीवर या म्हणून तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, सांगतो तेव्हा साडेआठला नाश्ता करून पोचणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

नाश्त्याचंच सांगते. अगदी रिकाम्या पोटी होडीत बसू नये आणि बटाटेवडे हाणूनही बसू नये. एखादं घावन, चहा, पुरे. मळमळणाऱ्यांनी नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, बसू नये. तिथे फोटो चांगले येतात, पण हेलकावेही तिथेच जास्त बसतात. मागे, इंजिनाच्या अलीकडे बसावं आणि नजर मोबाइलवरून काढून क्षितिजावर ठेवावी.

जेट्टीवरून निघालं की समोर सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचं काम सुरू केलं, हे आपण शाळेत शिकलो. पण ही जागा का निवडली, ते होडीत बसल्यावर जास्त नीट कळतं. किल्ल्याच्या आजूबाजूला पाण्याखाली खडपं पसरलेली आहेत. काहींची डोकी ओहोटीला वर दिसतात, काहींची कधीच दिसत नाहीत. परकी मोठी जहाजं या खडकांमुळे जवळ यायला धजावत नसत. आजही तांडेल सरळ जात नाही. कुठल्याशा बुरुजाची आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याशा माडाची रेघ डोळ्यांनी जुळवतो, मग सुकाणू वळवतो. ती रेघ त्याला बापाने दाखवलेली असते.

या किल्ल्याचं रक्षण करणाऱ्या खडपांवरच आज मालवणचं स्नॉर्केलिंग चालतं. प्रवाळांना चिकटायला घट्ट खडक लागतो, उजेड लागतो, आणि फार गढूळ पाणी चालत नाही. या तिन्ही गोष्टी इथे बऱ्यापैकी जुळून आल्या. 13 एप्रिल 1987 ला सरकारने हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. एकूण 29.12 चौरस किलोमीटर, त्यातला गाभा 3.18 चौरस किलोमीटरचा, आणि त्या गाभ्यातच सिंधुदुर्ग नि त्याच्या शेजारचा पद्मगड येतात. गाबीत समाजातल्या मच्छीमारांचा याला विरोध होता. पिढ्यान् पिढ्या जिथे जाळं टाकलं तिथे मज्जाव होईल ही भीती होती आणि ती अस्थानी म्हणता येणार नाही. आता त्याच घरांतली पोरं पर्यटकांना मास्क बांधून पाण्यात उतरवतात. एका घरात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, तीही आहे आणि स्नॉर्केलिंगही आहे, असं दृश्य मालवणच्या दांडी किनाऱ्यावर सर्रास दिसतं.

आता प्रत्यक्ष पाण्यात. पोहता येत नाही म्हणून होडीतच बसून राहणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. स्नॉर्केलिंगला पोहणं यावं लागत नाही. लाइफ जॅकेट घातलेलं असतं, बाजूला माहीतगार मुलगा असतो, आणि खाऱ्या पाण्यात माणूस विहिरीपेक्षा जास्त सहज तरंगतो. शिकायचं ते फक्त तोंडाने श्वास घेणं. नाक मास्कच्या आत बंद असतं, आणि जन्मभर नाकाने श्वास घेतलेल्या माणसाला पहिली दोन मिनिटं जीव घाबरा होतो. ती दोन मिनिटं होडीची कड धरून, तोंड पाण्यात घालून काढायची. नळीत पाणी शिरलं तर डोकं वर काढून धडपडायचं नाही, जोरात फुंकर मारायची, पाणी उडून जातं. मास्कच्या काचेला आतून वाफ धरू नये म्हणून तिथली मुलं काचेवर थुंकतात आणि समुद्राच्या पाण्याने खळबळून देतात. नाक मुरडू नका, त्याने खरोखर काच स्वच्छ राहते. हवं तर आपली आपण थुंका. आणि मिशीवाल्या पुरुषांना आधीच सांगून ठेवते, तुमचा मास्क गळणार. मिशीच्या केसांतून पाणी आत येतं. मिशीला थोडं व्हॅसलीन चोपडलं तर बरं पडतं. काढून टाकलीत तर उत्तमच, पण तेवढा आग्रह मी धरत नाही.

खाली बघितलं की आधी काहीच कळत नाही. हिरवट पिवळा उजेड, सारगॅसमचं शेवाळ हलतंय, मधूनच काळपट खडक. मग डोळे सरावतात. खडक म्हणून जे वाटत होतं तो पोराइट्स जातीच्या प्रवाळाचा गोळा निघतो. अंगावर बारीक छिद्रंच छिद्रं, आणि प्रत्येक छिद्रात एकेक जीव. असा गोळा वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. म्हणजे परातीएवढा दिसला तर तो तुमच्या-माझ्या लहानपणापासून तिथे आहे असं समजा. त्याच्या फटीतून काळे-पिवळे पट्टे असलेले, तळहाताएवढे सार्जंट मेजर मासे झुंडीने बाहेर येतात. एखादा पोपटमासा चोचीने खडक कुरतडत असतो, आणि कान पाण्यात असल्यामुळे ती करकर तुम्हाला ऐकू येते. खालच्या कपारीत गोबरा मासा तोंड उघडं ठेवून बसलेला असतो. मास्कच्या काचेमुळे सगळंच जवळ आणि तिसऱ्या हिश्शाने मोठं दिसतं, त्यामुळे होडीवर परतल्यावर माशांची जी मापं सांगितली जातात त्यांतून तेवढं वजा करावं.

एकदा आमच्यातल्या एक बाई दमल्या म्हणून खाली पाय टेकायला गेल्या. होडीवरून लगेच आवाज आला, "काकी, पाय वर घेवा! जिवंत आसा तां!" एवढी कळकळ सगळीकडे असती तर बरं होतं. काही होड्या नांगर थेट प्रवाळावर टाकतात. काही जण मासे जमावेत आणि व्हिडिओ चांगला यावा म्हणून पाव नि बिस्किटं टाकतात. माशाला पाव पचवायची सवय नाही, आणि पावाला सोकावलेला मासा खडकावरचं शेवाळ खायचं सोडतो. ते शेवाळ मग प्रवाळावर माजतं. एरवीच इथल्या प्रवाळांच्या मागे कमी दुखणी नाहीत. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने जरी जास्त तापलं आणि तसं काही आठवडे राहिलं, तर प्रवाळ आपल्या शरीरात राहणारं, आपल्याला अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. गेल्या दशकात मालवणातही असे पांढरे पडलेले प्रवाळ शास्त्रज्ञांनी नोंदले आहेत. समुद्र थंड करणं तुमच्या-माझ्या हातात नाही. पाव टाकू नको म्हणून सांगणं आहे, आणि पैसे आपण देत असतो, तेव्हा ते ऐकलंही जातं. दुसरं म्हणजे वीस मिनिटांत फोटो काढून वर घेणारी होडी ठरवू नका. वीस मिनिटांत डोळेसुद्धा सरावत नाहीत.

तिथून दक्षिणेला निघायचं. डावीकडे तारकर्लीचा पांढरा किनारा आणि सुरूची झाडं. या पट्ट्यात गादे दिसतात. गादा म्हणजे डॉल्फिन, इथला पाठीवर कुबड असलेला. तो उड्या मारून दाखवत नाही, पाठ वर काढतो, श्वास घेतो आणि जातो. चार होड्यांनी त्याला घेरायचं आणि इंजिनं घुमवायची, हा प्रकार मला पाहवत नाही. इंजिन बंद करून थांबलं तर तो आपण होऊन जवळ येतो, कधी येतही नाही.

ओहोटी अर्धी होण्याच्या आत तारकर्लीच्या पुढे, देवबागच्या संगमातून कर्ली खाडीत शिरलं पाहिजे. तोंडावर रेतीचा बांध आहे, पाणी उतरलं की होडीचा तळ घासतो. इथलं ते प्रसिद्ध त्सुनामी बेट, 2004 च्या त्सुनामीनंतर वर आलं असं गावकरी सांगतात, तो रेतीचा दांडाच आहे. तिथली गर्दी, जेट स्की, भजी यांबद्दल मी काही बोलत नाही. पोहायचं तर दांड्याच्या आतल्या अंगाला, खाडीच्या बाजूने, कमरेएवढ्या पाण्यात. संगमाच्या तोंडाशी ओहोटीच्या वेळी कुणीही उतरू नये, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही. कर्लीचं सगळं पाणी त्या अरुंद वाटेने समुद्राकडे धावत असतं.

आणि लाइफ जॅकेट होडीतही अंगावरच हवं. उकडतं म्हणून काढून मांडीखाली घेऊन बसायचं नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी होडी उलटली आणि दोन पर्यटक गेले. मेच्या शेवटी समुद्राचा भरवसा नसतो, म्हणूनच दरवर्षी त्या सुमारापासून ऑगस्टअखेरपर्यंत हा सगळा व्यवसाय बंद ठेवतात. होडीवर सागरी मंडळाचा परवाना आहे का आणि किती माणसांचा आहे, हे विचारायला लाजू नये. तांडेलाने "आज नको" म्हटलं तर दुसरी होडी शोधत फिरू नये.

आता जेवण. खाडीत शिरून, कांदळवनाच्या आडोशाला नांगर टाकला की होडी स्थिर होते. ताडपत्रीखाली सावली असते. जेवण तांडेलाच्या घरून येतं, देवबागच्या धक्क्यावरून त्याचा मुलगा छोट्या होडीतून डबे घेऊन येतो. तांदळाची भाकरी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, तळलेली सुरमई असेल तर असेल, न खाणाऱ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ, भात, आणि स्टीलच्या कॅनमधून सोलकढी. पोहून आलेल्या माणसाची भूक काय असते ते सांगायला नको. हात खारट, केस खारट, त्यामुळे मीठ कमी आहे अशी तक्रार कुणी करत नाही. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं असतं, हे शहरातल्या मुलांना आधी सांगा. दाताखाली आलं की पुढची दहा मिनिटं जीभ बधिर. काटे पाण्यात टाकायला हरकत नाही, डोक्यावर ब्राह्मणी घारी वाटच बघत असतात. कागदी ताटल्या नि बाटल्या मात्र डब्यांबरोबर परत जाऊ द्या. आणि जेवल्यावर परत पाण्यात उतरण्याचा आग्रह धरू नका.

माणसं किती, मासे खाणारे किती, हे आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवलंत तर संध्याकाळच्या लिलावात तांडेलाची बायको त्या बेताने मासळी घेते. आयत्या वेळी आकडा सांगितलात तर मिळेल ते खावं लागतं, आणि ते वाजवी आहे. परतीला समुद्रावरून मालवण गाठायचा हट्ट नको, एव्हाना बाहेर खारं वारं सुटलेलं असतं. देवबागेतच उतरा. मालवणला रिक्षा जाते. रिक्षावाले ओल्या पर्यटकांना सरावलेले असतात, सीटवर प्लॅस्टिक अंथरलेलंच असतं.