डीबी स्पेक्ट्रम आणि एक जुनी कबुली

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मला पाच मिनिटे दिली आहेत. आमच्या कॉम्प्युटरवर एक गेम लोड व्हायला साधारण तेवढाच वेळ लागायचा. म्हणून त्याच कॉम्प्युटरबद्दल बोलतो. शेवटी एक कबुलीही द्यायची आहे.

1987 साली आपण नववीत होतो. आपल्यातल्या एकाच्या घरी, सदाशिव पेठेतल्या वाड्यात, डीबी स्पेक्ट्रम प्लस आला. मूळ यंत्र इंग्लंडचे. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने 23 एप्रिल 1982 रोजी रबरी बटणांचा झेडएक्स स्पेक्ट्रम जाहीर केला. किंमत 125 पौंडांपासून पुढे. 1984 मध्ये कडक प्लास्टिकच्या बटणांचा स्पेक्ट्रम प्लस आला. पुढे परवाना घेऊन तोच आपल्या पुण्यातल्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने बाजारात आणला. केंब्रिजचे यंत्र पेठेत आले ते असे.

त्याची मेमरी 48 केबी. आज आपण ग्रुपवर 'सुप्रभात'चे जे फोटो टाकतो, त्यातला एकही तिथे मावला नसता! पडदा म्हणजे घरचा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, त्यामुळे बातम्या लागल्या की आमचे काम बंद. बेसिकमधले शब्द अक्षरे जुळवून लिहावे लागत नसत. पी दाबला की 'प्रिंट', जे दाबला की 'लोड'. लाइट गेली की लिहिलेले सगळे गेले. टिकायचे ते फक्त कॅसेटवर. साध्या टेपरेकॉर्डरमधून किर्र आवाज यायचा, पडद्याच्या कडेने पट्टे पळायचे आणि आम्ही श्वास रोखून बसायचो.

या यंत्रात आपल्या मनाची 21 अक्षरे बनवता येत. एकेक अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांचे. आपल्या मित्राने गणिताच्या चौकटी वहीत चौकोन रंगवून त्यात देवनागरी अक्षरे बसवली आणि धाकट्या बहिणीसाठी पाढे विचारणारा प्रोग्रॅम लिहिला. उत्तर बरोबर आले की पडद्यावर मराठीत 'शाब्बास' उमटायचे. पहिल्यांदा ते उमटले तेव्हा त्याची आजी स्वयंपाकघरातून हात पुसत बघायला आली होती.

आता कबुली. एका दुपारी तो क्लासला गेला असताना मी एकटाच ती कॅसेट लोड करायला बसलो. लोड करताना टेपरेकॉर्डरचे फक्त प्ले दाबायचे असते. मी घाईत रेकॉर्डही दाबले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकच ओळ: 'टेप लोडिंग एरर'. त्याला वाटले, हेड खराब झाले. कापूस आणि स्पिरिट घेऊन तो संध्याकाळभर हेड पुसत राहिला. मी शेजारी बसून होतो. बोललो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्याने सगळे पुन्हा लिहिले. फटाके सोडून मी रोज त्याच्याकडे जायचो. 'मित्र असावा तर असा,' असे त्याची आई म्हणायची. ते मला अजून टोचते.

मित्रा, तू समोरच बसला आहेस. हेड चांगले होते रे. कॅसेट मी पुसली. तू ते चौकोन दुसऱ्यांदा रंगवत होतास आणि मी पेन्सिलला टोक करून देत होतो, ते यासाठी. माफ कर.