दोन डॉलरचं चित्र आणि रस्त्याकडेची पाटी

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल, होस्टेलच्या गच्चीवर असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, जिथे असाल तिथे आपल्या पॉडकास्टच्या या भागात तुमचं मनापासून स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखाच लिहूनही देतेय.

सुरुवातीला एक साधा प्रश्न. काल दिवसभरात तुम्ही समोरासमोर किती माणसांशी बोललात? "भैया, इथेच थांबवा" आणि "ओटीपी सांगा" हे धरायचं नाही हं. खरं बोलणं. मोजा बघू बोटांवर.

बऱ्याच जणांची बोटं दोन-तीनच्या पुढे जाणार नाहीत, मला माहीत आहे. कारण तुमचे मेसेज येतात मला. कोणी एमपीएससीसाठी गाव सोडून आलंय, कोणी वर्क फ्रॉम होममध्ये एका खोलीत अडकलंय, कोणी आजारपणामुळे घरातच आहे. फोनमध्ये आठशे कॉन्टॅक्ट, आणि रात्री अकरा वाजता फोन करावा असा एकही नाही. म्हणून आज एकटेपणाबद्दल बोलूया. पण "पॉझिटिव्ह राहा, सकाळी लवकर उठा" असलं काही सांगणार नाही. आज सांगते एका बाईची गोष्ट. तिचं नाव मॉड लुईस.

मॉड कॅनडाची. कॅनडाच्या पूर्व टोकाला नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. समुद्र, मासेमारी, लांबलचक हिवाळा. तिथे १९०३ साली तिचा जन्म झाला. लहानपणीच तिला संधिवात जडला. हा आपल्याकडे आजी-आजोबांना होतो तसला नाही, मुलांना होणारा. वाढ खुंटली, पाठ वाकली, हनुवटी छातीकडे झुकली, हाताची बोटं हळूहळू वाकडी होत गेली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आईने तिला घरी बसवून नाताळची शुभेच्छापत्रं रंगवायला शिकवली आणि मायलेकी ती आसपास विकायच्या. चित्रकलेचं तिचं शिक्षण म्हणाल तर एवढंच.

मग १९३५ मध्ये वडील गेले, १९३७ मध्ये आई गेली. घर भावाकडे गेलं. मॉड डिग्बी नावाच्या गावी मावशीकडे राहायला आली. वय तेहतीस-चौतीस, शरीर साथ देत नाही, हातात पैसा नाही, आपलं म्हणावं असं घर नाही.

१९३८ मध्ये तिने एव्हरेट लुईसशी लग्न केलं. हा दारोदार मासे विकणारा माणूस. त्याचं घर कसं होतं? एकच खोली. लांबी-रुंदी साधारण १२-१३ फूट. झोपायला वर माळा. वीज नाही, नळ नाही. तुमच्यापैकी जे पुण्यात कॉट बेसिसवर राहतात त्यांना अंदाज येईल, तेवढीच जागा. त्यात दोघांचा अख्खा संसार, आणि बाहेर महिनोन्महिने बर्फ.

आता मला सगळ्यात आवडलेला भाग. या बाईने ते घर रंगवायला घेतलं. भिंती, दार, खिडकीच्या काचा, जिन्याच्या पायऱ्या, पत्र्याचे डबे, ताटल्या, एवढंच काय, लाकडं जाळायची शेगडीसुद्धा! सगळीकडे फुलं, पक्षी, फुलपाखरं. कॅनव्हास घ्यायला पैसे नव्हते म्हणून बिस्किटं भाजायचे पत्रे आणि पुठ्ठ्यासारखे बोर्ड. मोठं चित्र तिच्या हातांना झेपायचं नाही, म्हणून चित्रं बहुतेक वहीच्या पानाएवढी.

तिची पद्धत ऐका, कारण ज्यांना "मला चित्र काढता येत नाही" असं वाटतं, त्यांच्या ती कामाची आहे. आधी बोर्डवर पांढऱ्याचा हात द्यायचा. मग बाह्यरेषा काढायची. मग रंग थेट ट्यूबमधून घेऊन भरायचा. रंगांची मिसळ नाही, छटा नाहीत. लाल म्हणजे लाल, पिवळा म्हणजे पिवळा. तिच्या चित्रांत सावल्याही जवळपास दिसत नाहीत. काही चित्रांत जमिनीवर बर्फ असतो आणि झाडांवर मात्र शरद ऋतूतली लालभडक पानं. असं निसर्गात होत नाही, पण मॉडच्या बोर्डवर होतं. कारण ते जग तिच्या हातात होतं. शरीर हातात नव्हतं, हवामान नव्हतं, पैसा नव्हता. आठ-दहा इंचांच्या त्या तुकड्यावर मात्र कुठल्या महिन्यात कुठलं फूल उमलणार हे तीच ठरवायची.

तिचे बैल बघा एकदा, नेटवर सापडतील. बैलजोडी, रंगवलेलं जू, आणि त्या बैलांना चक्क लांबसडक पापण्या! मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला थेट आमचा पोळा आठवला.

इथे थांबून एक गोष्ट नीट बघूया. लोक म्हणतात, कला म्हणजे पळवाट. रंगात बुडायचं आणि दुःख विसरायचं. हे अर्धंच खरं आहे असं मला वाटतं. मॉडने जर फक्त आतल्या भिंती रंगवल्या असत्या, तर ती एक सुंदर रंगवलेली कोठडी झाली असती. बाई एकटीच राहिली असती.

पण तिने दोन कामं आणखी केली. पहिलं, ती नवऱ्याबरोबर मासे विकायच्या फेरीवर जायची आणि सोबत स्वतः रंगवलेली कार्डं न्यायची. पंचवीस सेंटला एक. लोकांना ती आवडायला लागली. दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांचं घर हायवेच्या कडेला होतं. तिने घराबाहेर पाटी लावली: चित्रं विकायची आहेत. बस्स.

त्या पाटीने काय केलं? साधारण १९४५ ते १९५० च्या काळात येणारे-जाणारे गाड्या थांबवायला लागले. दोन-तीन डॉलरला चित्र. प्रत्येक चित्रामागे दारात एक माणूस, थोडं बोलणं. जी बाई चालत फार लांब जाऊ शकत नव्हती, तिच्या दाराशी रस्ता चालून येत होता. १९६४ मध्ये एका साप्ताहिकात तिच्यावर लेख आला, १९६५ मध्ये कॅनडाच्या सरकारी टीव्हीवर कार्यक्रम झाला आणि मागणी इतकी वाढली की तिच्या हातांना झेपेना. निक्सन राष्ट्राध्यक्ष असताना अमेरिकेच्या व्हाइट हाउसनेही तिची दोन चित्रं मागवली.

म्हणजे रंगांनी तिचे दिवस सुसह्य केले आणि पाटीने माणसं आणली. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही लागतात.

आता गोड गोड सांगून थांबले तर ते खोटं होईल. मॉडची गरिबी चित्रांनी संपली नाही. शेवटच्या तीन-चार वर्षांतसुद्धा एका चित्राचे सात ते दहा डॉलरच मिळायचे. संधिवात वाढतच गेला. अखेरच्या काळात ती घराच्या एका कोपऱ्यात बसून, दवाखान्याच्या फेऱ्या सांभाळत चित्रं काढत राहिली. ३० जुलै १९७० ला ती गेली. २०२२ मध्ये तिचं काळ्या ट्रकचं एक चित्र लिलावात साडेतीन लाख कॅनेडियन डॉलरला विकलं गेलं. हेच चित्र सत्तरच्या दशकात एका हॉटेलवाल्या जोडप्याने चीज सँडविचच्या बदल्यात घेतलं होतं! त्या साडेतीन लाखांतला एक पैसाही मॉडच्या वाट्याला आला नाही, हे लक्षात ठेवा. त्यामुळे "बघा, गरिबीतून कशी कला फुलते" असं कोणी म्हणालं की मला राग येतो. गरिबी आणि आजारपण यात सुंदर काही नसतं. सुंदर होतं ते मॉडचं न थांबणं. तिचं ते रंगवलेलं घर मात्र वाचलं. १९८४ मध्ये ते प्रांत सरकारकडे आलं आणि आज हॅलिफॅक्सच्या कलासंग्रहालयात अख्खंच्या अख्खं ठेवलंय.

तुम्ही म्हणाल, कॅनडाचं झालं, आपलं काय? आपल्याकडचं सांगते. वारली चित्रं तुम्ही कुर्त्यांवर, मगवर, मेट्रो स्टेशनच्या भिंतींवर पाहिली असतील. ती जगभर पोहोचवणारे जिव्या सोमा मशे, पालघरकडच्या डहाणू भागातले. १९३४ चा जन्म. लहानपणी आई गेली आणि या पोराने बोलणंच सोडलं. जे सांगायचं ते मातीत बोटाने रेघोट्या काढून सांगायचा. विचार करा, सात-आठ वर्षांचं पोर असेल नाहीतर दहाचं, तोंडातून शब्द येत नाही, पण बोट मातीत चालतंय. वारली चित्रं तेव्हा मुख्यतः बायका काढायच्या, लग्नाचा चौक लिहायचा म्हणून. जिव्यांनी लग्नकार्याची वाट न बघता रोज काढायला सुरुवात केली. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले. आणि रंग किती? गेरूची जमीन, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा. एवढ्यावर माणसं, झाडं, मुंग्या, मासे, तारपा नाच, सगळं जग उभं केलं. तेव्हा "माझ्याकडे चांगले रंग नाहीत" हे कारण आजपासून बाद.

आता थोडं माझं. मी मराठवाड्यातून पुण्यात आले ती नाइट शिफ्टच्या नोकरीसाठी. सगळे झोपतात तेव्हा मी जागी, सगळे उठतात तेव्हा मी झोपलेली. रूममेटशी आठवड्यातून एकदा भेट, ती पण बाथरूमच्या रांगेत. सात-आठ महिने असेच गेले. मग एकदा स्टेशनरीच्या दुकानातून पोस्टर कलरचा डबा आणि दोन ब्रश आणले. शे-दीडशे रुपये. कागद म्हणून ऑनलाइन सामानाचे खोके फाडले. काय काढावं सुचेना, तर पोळ्याचा बैल काढला. शिंगाला हिंगूळ, अंगावर झूल, गोंडे, बेगड. बैल कमी आणि डुक्कर जास्त दिसत होता. पण त्या दीड तासात मी फोनला हात लावला नाही, आणि मुख्य म्हणजे त्या सकाळी झोप लागली.

तो पुठ्ठा मी खिडकीत उभा करून ठेवला होता. खालच्या मेसच्या काकूंनी डबा देताना विचारलं, "हे कोणी काढलं गं?" मी म्हटलं, "मीच." तर म्हणाल्या, "आमच्या मेसच्या फळ्यावर काढून दे ना एक, पोळा आलाच आहे." त्या फळ्यासमोर मी स्टुलावर चढून उभी होते तेव्हा पाच-सहा जणांनी थांबून सल्ले दिले. शेपटी लांब कर, डोळे मोठे कर. एका पोराने सांगितलं की त्यांच्याकडे खांदेमळणीला बैलांचे खांदे तुपाने चोळतात. त्या पंधरा मिनिटांत मी जितक्या जणांशी बोलले, तितक्यांशी आधीच्या महिन्यात बोलले नव्हते. नंतर मला मॉडच्या पाटीचं महत्त्व नीट कळलं.

म्हणून या आठवड्यासाठी तुम्हाला तीन गोष्टी सांगते. एकदम सोप्या.

एक, रंग विकत घ्या, पण महागडे नको. पाच रंग पुरतात. लाल, पिवळा, निळा, काळा, पांढरा. कागद नसेल तर पुठ्ठा, जुनी वही, रिकामी बरणी, काहीही चालेल. मॉडसारखे मिसळ न करता थेट लावा.

दोन, जे माहीत आहे ते काढा. मॉडने बैल, मांजरं, होड्या काढल्या, कारण ते तिच्या आसपास होतं. तुम्ही आजीचं तुळशीवृंदावन काढा, एसटी काढा, तुमच्या गल्लीतलं कुत्रं काढा. वाईट आलं तर येऊ द्या.

तीन, आणि हे विसरू नका, ते चित्र कोणाच्या तरी नजरेस पडेल असं ठेवा. खिडकीत, दारावर, मेसमध्ये, ऑफिसच्या टेबलावर. इन्स्टावर टाकायला माझी ना नाही. पण लाइक करणारा पुढच्या सेकंदाला पुढे सरकतो, दारात थांबलेला माणूस निदान "हे काय आहे?" म्हणून विचारतो. आपल्याला तो प्रश्न हवाय.

एक महत्त्वाचं. रंग औषधाची जागा घेत नाहीत. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नको वाटत असेल, तर चित्राची वाट बघू नका, माणसाशी बोला. सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं. आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर मित्रासाठी.

तर मंडळी, पुढच्या भागापर्यंत एक चित्र. कसंही. काढल्यावर मला फोटो पाठवू नका, आधी शेजारच्याला दाखवा. तो काय म्हणाला, तेवढं मात्र मला नक्की कळवा. पुढच्या भागात त्या प्रतिक्रिया वाचूया, हसूया पण थोडं. तोवर काळजी घ्या. भेटूया!